काकांच्या कूलरची जाळी

एसी फक्त थिएटरात असायचा तेव्हा शेजारच्या काकांनी खिडकीतल्या कूलरचा वारा पत्र्याच्या नळीतून हॉलमध्ये आणला. नळीच्या तोंडाची जाळी निवडायला मलाही धामणकर नाक्यावर नेलं. दुकानदार नक्षी दाखवत होता. काका म्हणाले, "भाई, फूलपत्ती नहीं, घूमनेवाली पट्टी दो."

कारण पुढे सगळ्या चाळीला कळलं. "या, बसा" सगळ्यांनाच सारखं असायचं, पण वारा फक्त आवडत्या पाहुण्यालाच. विमा एजंट आला की पट्ट्या छताकडे.

एका मे महिन्यात आईला घेऊन मी त्यांच्या मुलीला मागणी घालायला गेलो. काका गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "विचार करून कळवतो." मग स्टुलावर चढले आणि सगळ्या पट्ट्या आमच्याकडे वळवल्या.

आई माझ्या कानात म्हणाली, "जा, पेढे घेऊन ये."