वाचनालयाच्या अर्जावर मी लिहिलेला शेरा

महापालिकेच्या एका छोट्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. वाचनालय सकाळी दहाला उघडायचं आणि संध्याकाळी साडेपाचला बंद व्हायचं. ही वेळ माझ्या नोकरीच्या आधीपासूनची. ती बदलावी असं मला कधी वाटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी यायला लागली. हिंगण्याच्या एका कारखान्यात ती पॅकिंगला होती. पहिली पाळी सुटली की कंपनीच्या बसने चौकात उतरायची आणि तिथून जवळजवळ पळतच यायची. तोवर पाच वाजलेले असत. तलाठी भरतीचा अभ्यास करायची. मूळची उमरेडकडची. वडिलांचा हातमाग कधीच बंद पडलेला, म्हणून इथे भावाच्या एका खोलीत पाच माणसांत राहत होती. तिची दोन पानं होतात न होतात तोच आमचे शिपाई खिडक्या लावायला घ्यायचे.

एक दिवस ती माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, इतक्या लवकर काहून बंद करता? मी तर आत्ताच येऊन राहिली."

"वेळ ऑफिसने ठरवलीय."

"मंग ऑफिसले सांगा ना."

मी नुसती हसले. तिने मात्र ते मनावर घेतलं. आठवडाभरात तिने एक अर्ज लिहून आणला: वाचनालय रात्री आठपर्यंत उघडं ठेवावं. खाली तिच्यासारख्याच, कामावरून येणाऱ्या मुलामुलींच्या सह्या. असा अर्ज झोन ऑफिसला जातो तो ग्रंथपालाच्या शेऱ्यासह. मी शेरा लिहिला, 'मनुष्यबळ अपुरे असल्याने वेळ वाढविणे शक्य नाही.' सही केली, शिक्का मारला.

त्यात खोटं काही नव्हतं. आम्ही दोघंच होतो, मी आणि शिपाई. पण खरं कारण माझ्या घरात होतं. माझ्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. त्याच्याजवळ बसणारी बाई सहाला निघून जायची. आठपर्यंतचा हुकूम आला तर थांबायचं मलाच, हे मला दिसत होतं. झोन ऑफिसच्या साहेबांना जाऊन हे सांगता आलं असतं. पण कोणी कीव केलेली मला चालत नाही. शिवाय अडचण सांगितली तर शहराच्या दुसऱ्या टोकाला बदली करतील, ही भीती होतीच.

"पाठवला हं तुझा अर्ज," मी त्या मुलीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती तिच्या डब्यातला तिळाचा लाडू माझ्या टेबलावर ठेवून गेली. तो काही माझ्याच्याने खाववला नाही.

पुढे बजेटच्या आधी झोन ऑफिसात नागरिकांची बैठक लागली. मलाही बोलावणं होतं, सोबत आमचे शिपाईही आले होते. हॉल गच्च भरलेला. कोणाला रस्ता हवा होता, कोणाला पथदिवे. एका गृहस्थाच्या घरात गटाराचं पाणी शिरलं होतं. तो मोबाइलवरचे फोटो सगळ्यांना दाखवत फिरत होता. ती मुलगी कामावर अर्धी सुट्टी टाकून आली होती. तिचा नंबर आला तेव्हा ती उभी राहिली आणि दोन मिनिटांत तिचं म्हणणं मांडून मोकळी झाली.

साहेबांनी फाईल उघडली. "हे बघा, नाल्यांची कामं पडलीत. त्यातून वाचनालयाला कुठून देऊ? आणि तुमच्या ग्रंथपाल मॅडमनीच लिहिलंय, शक्य नाही म्हणून."

मुलीने वळून माझ्याकडे पाहिलं. ती रागावली नव्हती. आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असावं, असा तिचा चेहरा झाला होता. तो चेहरा मला सहन झाला नाही. मी उठले.

"साहेब, शेरा माझाच आहे. पण तो पुरता नाही," मी म्हणाले. मग नवरा, सहाला जाणारी बाई, बदलीची भीती, सगळं त्या भरल्या हॉलमध्ये बोलून टाकलं. शेवटी म्हटलं, "वाचनालय उघडं राहायला पाहिजे. फक्त मी थांबू शकत नाही, हे मी लिहायला हवं होतं."

तेवढ्यात मागून आमचे शिपाई उठले. पन्नाशी ओलांडलेला, एरवी चार शब्द न बोलणारा माणूस.

"साहेब, मले संध्याकाळची ड्युटी द्या. माह्या भावाची संत्री कळमन्याच्या बाजारात येते. सकाळी त्याच्यासंग उभं राहाले कोणी नाही. मी बारा ते आठ करतो. सकाळी कुलूप मॅडम उघडतीन."

"हे आधी काहून नाही सांगितलं?" साहेबसुद्धा त्यांच्याच बोलीवर उतरले.

"कोणी विचारलंच नाही ना."

हॉलमध्ये हशा पिकला. साहेबांनी जरा हिशेब केला. नवा माणूस नको, खर्च फक्त दिवे-पंख्यांचा. गटाराचे फोटोवाले गृहस्थच म्हणाले, "देऊन टाका साहेब. आमच्या पोरीबी तिथंच जातीन." तीन महिन्यांसाठी मंजुरी मिळाली: साडेपाचनंतर पुस्तकांची देवघेव बंद, पण बसून वाचायची खोली आठपर्यंत उघडी.

बाहेर ती मुलगी माझ्यासाठी थांबली होती. "मॅडम, मले आधी सांगाचं ना. मी उगाच तुमच्या मागं लागून राहिली." मी तिचा हात धरला. कितीतरी दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

नवी वेळ लागू झाली त्या दिवशी साडेपाचला मी पर्स उचलली, तर खोलीतलं कोणीच जागचं हललं नाही. मी एकटीच बाहेर पडले. घरी जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तोवर त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो बराच वेळ शब्द जुळवत राहिला. मग म्हणाला, "दोन तास... एकटा बसू शकतो वं मी. विचाराचं तरी."

आता मंजुरी कायम झाली आहे. आठवड्यातून एकदा शिपाई रजेवर असतात तेव्हा आठपर्यंत मीच थांबते. शेजारच्या काकू नवऱ्याकडे मधूनमधून डोकावतात. त्या मुलीचं पहिल्या परीक्षेत थोडक्यात हुकलं. तिने पुन्हा फॉर्म भरला आहे, आणि आता खिडकीजवळची खुर्ची कोणी घेतली की ती त्याच्याशी भांडते.