आषाढातले बांगडे

"बाई, पोरीचा श्वास नीट चाललाय का, तेवढंच सांगा. शिव्या मागनं द्या."

मासळीवाल्या मथुराबाईच्या फोनवर पलीकडं सरोजिनीबाई होत्या, शाळेतनं निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. दिवाळीपासून त्या मासळी घ्यायच्या त्या हिच्याकडनंच. त्यांच्या नातीनं, ओवीनं, सकाळी नेलेल्या बांगड्याचे चार घास खाल्ले. जरा वेळानं तोंड लालभडक, अंगभर गांधी, वर उलट्या. आता दवाखान्यात होते. "डॉक्टर आत आहेत, नंतर बोलू," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

मथुराबाईच्या हातातली सुरी पाटावर तशीच राहिली. पेटीत उरलेला बांगडा तिनं उचलला, कल्ला उघडला. सकाळी बर्फात लाल वाटलेला कल्ला आता मातकट दिसत होता.

मथुराबाई मूळची इथलीच, पुण्याच्या वारज्याची, शेतकऱ्याघरची. आषाढात मुठा नदी चढली की घरातले बापे धोतराची झोळी, पोतं, जे गावंल ते घेऊन पाण्यात उतरायचे. चढणीच्या माशांनी टोपली भरायची, शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटे जायचे. पुढं शेतावर इमारती आल्या, नदीत गटारं आली, आणि गेल्या दिवाळीत मथुराबाई नाक्यावर समुद्राची मासळी, जोडीला तळ्यातला रोहू घेऊन बसली. समुद्र तिनं उभ्या जन्मात एकदा पाह्यलेला, चपला हातात धरून. पण मासळीला ऊत येतो तो पावसात, हे तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. म्हणून काल घाऊक बाजारात स्वस्त बांगडा दिसला तसा तिनं हरखून घेतला. नदीचा कायदा तिनं समुद्राला लावला.

ज्यानं तो माल दिला त्या बाजारातल्या शंभूला तिनं फोन लावला. तो हसलाच. पावसात बोटी काठावर ओढलेल्या असतात, म्हणाला, मासळी पोटुशी असते. पापलेट घ्यावं नारळी पुनवेनंतर, बांगडा दसऱ्यापासून, सुरमई थंडीत. हा माल कधीचा बर्फातला, नाहीतर एवढा स्वस्त दिला असता का?

 बांगडे काय एकट्या बाईंनीच नेले नव्हते.

तिचा घरवाला गेनबा शेजारी उकिडवा बसलेला. त्यानं हळूच सांगितलं, "पेटी उकिरड्यावर वत आन गप बस. कुनाच्या पोटात काय गेलं, कोन बघतंय?"

"वतते," ती म्हणाली. "पन वर फिनेल टाकते, वासानं कुत्रं तोंड लावनार न्हाई. त्याला तरी कशापायी मारू?"

आणि उरलेले बांगडे वतून, पदर खोचून ती इमारतींकडं निघाली. लिफ्टची वाट बघवंना, जिन्यानंच चढली. एका घरात तुकड्या तव्यावर होत्या. तिनं विचारल्याबिगर आत शिरून गॅस बंद केला. दुसऱ्या घरात मसाला लावून ठेवलेले, ते पिशवीत भरून घेतले. कुणी पैसे मागितले, कुणी नुसतं दार लावलं. श्यामराव म्हणून एक पेन्शनर होते, त्यांचं बांगडा खाऊन जेवण उरकलेलं. ती उंबऱ्यातच बसली.

"तुमच्या तोंडाकडं बघू द्या जरा."

"बघा की. सत्तर वर्षं असंच आहे."

हसू काही आलं नाही तिला. कानाच्या पाळ्या लाल होतात का, हे निरखत ती बसून राहिली, आणि काही झालं तर लागलीच दवाखाना गाठा, असं त्यांच्या सुनेला दोनदा बजावून उठली.

घरं संपली. मग तिला आठवलं, दोन बांगडे रेनकोटवाल्या मोटारसायकलस्वारानं नेले होते. नाव नाही, घर नाही, हेल्मेटमुळं तोंडसुद्धा दिसलेलं नाही. घरी पोरंबाळं असतील का? गरोदर बाई असंल का? 

नाक्यावर परत येते तोच फोन वाजला. सरोजिनीबाई. दोन्ही हातांत परत आणलेल्या बांगड्यांच्या पिशव्या, म्हणून गेनबानंच फोन तिच्या कानाला लावला.

"इंजेक्शन दिलंय. लाली उतरली, झोपली आहे," बाई म्हणाल्या. "शिळ्या बांगड्यानं असं होतं म्हणे. मुलं वहीत चुकली की मी खाली सही करून तेच परत लिहायला लावत असे, मथुराबाई. तुम्हाला काय लावू?"

"काय लावाल ते, बाई."

 मग फोन कट झाला.

गेनबा म्हणाला, झालं की आता, बस निवांत. पण तिचं चित्त रस्त्यावर होतं. येणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलीला ती मान उंचावून बघत होती.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. तळ्यातला रोहू मागितला, तुकडे बारीक करा म्हणालं. मथुराबाईनं रोहू उचलला, कल्ला उघडला, नाकाशी नेला, पुन्हा उघडून पाह्यला. मग पाटावर आडवा घातला आणि खवले काढायला लागली.