मॅडम टॉर्चशिवायही डोळे तपासायच्या

चष्म्याचे नंबर काढणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. लोक डोळे दाखवायला येतात आणि मन मोकळं करून जातात! मी आता धुळ्यात असतो, पण जळगावातला आमच्या मॅडमचा दवाखाना आठवला की एकटाच हसत बसतो. मॅडम डोळ्यांच्या डॉक्टर, पण टॉर्च लावण्याआधी विचारायच्या, "झोप लागते का?"

*

एका डाळमिलवाल्या शेठची डावी पापणी सारखी फडफडायची. "मॅडम, शुभ की अशुभ?" लेक सासरी गेल्यापासून शेठना झोपच नव्हती. मॅडमनी तपासून चिठ्ठी दिली.

थोड्या वेळात शेठ घामाघूम होऊन परत! "सगळे मेडिकल फिरलो, हे औषध जळगावात मिळतच नाही!"

मी चिठ्ठी वाचली : 'जेवणानंतर लेकीला फोन. रोज.'

*

असोद्याच्या आबांना मोतीबिंदूनं दिसेनासं झालं, तसं पारावर जाणं सुटलं, मग बोलणंही. घरच्यांना वाटलं, वय झालं.

ऑपरेशननंतर मुलगा पेढे घेऊन आला. "आबा सकाळपासून भांडताहेत मॅडम! भिंतीला जळमटं, गोठ्यात शेण, माझी दाढी... आई म्हणाली, आधी पेढे देऊन ये!"

*

नववीतल्या एका मुलीला अचानक फळा दिसेना. डोळे मात्र ठणठणीत. वडील चिडले, "नाटकं करते!"

"तिला खरंच दिसत नाहीये. तुम्ही बाहेर बसा."

दार बंद झाल्यावर ती रडली. वर्गात उभी राहिली की पोरं तिच्या अडखळत बोलण्याला हसायची.

वडिलांनी विचारलं, "डोळ्यांना झालंय काय?"

"काही नाही. आता तुमचे तपासू या का?"

मग मॅडमनी त्यांना वर्गातलं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी वडील शाळेत गेले, तिला समुपदेशकाकडेही नेलं. हळूहळू फळा दिसायला लागला.

*

आणि अमळनेरकडच्या अक्का. एकट्या राहायच्या. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. मॅडमचा हात धरून हळूच म्हणाल्या, "अंगणमा पोरे खेळतस. कोणीच नही तरी दिखतस. मी येडी नही ना?"

"नाही अक्का. डोळ्यांकडून बातमी येईना, की मेंदू आपलीच चित्रं काढतो. बऱ्याच जणांना होतं असं."

अक्कांचा जीव भांड्यात पडला. "मंग त्यासले जेवाले इचारानी गरज नही ना!" आम्ही सगळे हसलो. त्याही.

ऑपरेशन छान झालं. तपासणीला आल्या तेव्हा अक्कांनी तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचली. मॅडम खूश. "आता पोरं दिसत नाहीत ना?"

"नही." अक्कांनी पुन्हा मॅडमचा हात धरला. मग म्हणाल्या, "मॅडम, त्या पोरे परत येतीन असं काही औसद शे का?"