ठासणीची बंदूक आणि रोल नंबर एकेचाळीस

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी फिटिंग शॉपमध्ये लोखंडाचा एक ठोकळा कानशीने घासून काटकोनात आणावा लागे. पुण्यातल्या आमच्या वर्गात मुली दोनच. माझा ठोकळा होत आला होता, एक कड तेवढी राहिली होती, इतक्यात सर आले. "तुला नाही जमायचं, हात सोलून घेशील," म्हणत त्यांनी तो माझ्या हातून काढून घेतला आणि स्वतःच पुरा केला. वर त्यावर माझा रोल नंबर, एकेचाळीस, ठोकला आणि पैकीच्या पैकी मार्क दिले. मैत्रिणी म्हणाल्या, नशीब काढलंस. मला ते मार्क पुढे कित्येक वर्षं टोचत राहिले.

ऐंशीच्या दशकात लग्न होऊन मी अमेरिकेत ट्रॉयला आले. नवरा मोटारीच्या कंपनीत, आणि मी त्याच्या व्हिसावर आलेली बायको, म्हणजे नोकरी करायची सोय नाही. डिग्री बॅगेत होती आणि मी पोळ्या लाटत होते. मला पोळ्यांचा राग नाही, पण दिवसभर दुसरं काहीच नसलं की पोळपाटसुद्धा डोळे वटारून बघतो.

शेजारी शाळेतून गणित शिकवून निवृत्त झालेले एक अमेरिकन म्हातारबुवा राहत. एका दुपारी त्यांच्या उघड्या गॅरेजमधून कानशीचा आवाज आला आणि माझे पाय आपोआप तिकडे वळले. ते ठासणीची बंदूक बनवत होते. गारगोटीच्या ठिणगीवर उडणारी, तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची, जुन्या पद्धतीची लांब रायफल. नळी आणि ठिणगी पाडणारी चापाची कळ तेवढी विकत आणायची, बाकी सगळं हाताने. मी तिथल्या तिथे ठरवलं की अशी एक मी करणार. शिकारीशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या हातची एक वस्तू हवी होती, आणि तिला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला चालणार नव्हता.

नवरा जेवताना हसला. "अगं, बंदूक? इंडियाला फोन करून काय सांगायचं? बरं, लाकूड तरी मी प्लँटमधून मशीनवर कट करून आणतो ना."

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. तो आमटी भुरकू लागला.

मेपलची फळी बेसमेंटमध्ये आली. पटाशीने तिच्यात नळीसाठी खाच कोरायची. नळी अशी बसली पाहिजे की मध्ये कागद जाऊ नये. त्यासाठी नळीला काळं फासून खाचेत दाबायची. काळा डाग उठेल तिथे लाकूड टेकतंय असं समजायचं आणि तेवढंच खरवडायचं. पुन्हा काळं, पुन्हा दाबणं, पुन्हा खरवडणं. म्हातारबुवा रॉकेलच्या दिव्याची काजळी वापरत. मी म्हटलं, त्यासाठी दिवा कशाला विकत आणा? आईने पोस्टाने पाठवलेली काजळाची डबी घरात होतीच, घरी तुपाच्या ज्योतीवर धरलेलं, तूप-एरंडेलात कालवलेलं. काय सुरेख डाग उठत होते! मी स्वतःवरच खूश होते.

हिवाळा अर्ध्यावर आला तेव्हा बंदुकीचा लाकडी दस्ता तयार झाला. मी त्यावर रंगाचं पाणी चढवलं आणि शेक दिला. फिकट मेपल बघता बघता काकवीसारखं तांबूस झालं. फक्त कळीशेजारी माझ्या चार बोटांचे पांढुरके ठसे तसेच राहिले. बोटांना लागलेल्या काजळातलं तूप आणि एरंडेल लाकडाने पिऊन टाकलं होतं, तिथे रंग धरेना.

"करायला गेली गणपती, झाला मारुती," नवरा म्हणाला, आणि माझं तोंड बघून लगेच वर निघून गेला.

म्हातारबुवांनी चष्मा वर करून पाहिलं. काजळात तूप असतं हे ऐकून ते बराच वेळ हसत होते. मग गंभीर झाले. "इथे लाकूड पातळ आहे. एक चुकीचा हात, की आरपार. दे इकडे, मी करून देतो."

मी लाकूड छातीशी धरलं. एवढ्या चांगल्या माणसाचा मला इतका राग यावा, याचं मलाच नवल वाटलं. "थँक यू, पण नाही," एवढंच म्हणून मी घरी आले आणि बेसमेंटच्या पायरीवर बसून रडले. रडून झाल्यावर काचेच्या तुकड्याने खरवडायला घेतलं.

ठसे गेले, पण लाकूड खाली गेल्याने कळ वर उचललेली दिसू लागली. ती पुन्हा खोल बसवायची होती. या वेळी देवापुढच्या निरांजनावर ताटली धरली आणि कोरडी काजळी घेतली. बोटं दर वेळी साबणाने धुतली. बाहेरचं बर्फ वितळायला लागलं तेव्हा कळ लाकडाशी सपाट बसली आणि खरवडल्या जागी रंगही धरला.

नव्या बंदुकीचा पहिला बार हातात धरून काढत नाहीत. गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानात, चिखलात, म्हातारबुवा, नवरा आणि मी अशा तिघांनी ती जुन्या टायरला बांधली. दारू मी ओतली, गोळी मीच ठासली. लांब जाऊन चापाला बांधलेली दोरी ओढली. ठिणगी पडली, बाहेरची चिमूटभर दारू फुस्सकन जळली आणि पुढे काहीच नाही.

आतली दारू उशिरा पेटू शकते म्हणून थांबावं लागलं. मग म्हातारबुवा पुढे सरकले, नवराही सरकला, दोघांनी एकदम हात पुढे केले. "मी बघतो."

"कुणी यायचं नाही!" मी मराठीतच ओरडले. म्हातारबुवांनाही ते कळलं.

जवळ जाऊन पाहिलं. नळीच्या कुशीत आतल्या दारूपर्यंत ठिणगी जाण्यासाठी सुईएवढं भोक असतं, त्यात काजळी आणि तेलाचा चिकटा बसला होता. माझ्या बांगडीत नेहमीप्रमाणे दोन सेफ्टी पिना अडकवलेल्या होत्या. एक काढली, भोक मोकळं केलं, चिमूटभर दारू नव्याने घातली, मागे आले आणि दोरी ओढली.

असा बार उडाला की झाडावरचे कावळे उठले. पांढरा धूर आमच्या अंगावर आला, आणि त्या धुरात मी लहान मुलीसारख्या उड्या मारत होते. साडीवर चिखल उडाला, उडू दे.

घरी आल्यावर नळी धुतली, पुसली. म्हातारबुवा म्हणाले की बनवणारा नळीवर आपलं नाव घालतो. मी छिन्नी आणि हातोडी घेतली आणि एकेचाळीस घातले.

"हा कसला नंबर?" त्यांनी विचारलं.

"माझा रोल नंबर," मी म्हटलं.