कानसेनला ऐकू न आलेला आवाज

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला सगळे कानसेन म्हणतात. समोर मी त्याला भाऊजी म्हणते, अहो-जाहो करते, पाठीमागे एकेरीच. लिहिताना माणूस समोर नसतो, तेव्हा एकेरीच चालू द्या.

त्याचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. फाटलेला कागदी कोन बदलायचा, जळलेली कॉइल नव्याने गुंडाळायची, सिनेमागृहातले माणसाएवढे वूफर पुन्हा बोलते करायचे, हा त्याचा धंदा. कामात तो वाघ आहे, हे मलासुद्धा कबूल करावं लागतं. पण स्वतःच्या कानांची घमेंड अशी, की लग्नाच्या बोलणीला आला तेव्हा मुलगी राहिली बाजूला, हा आमच्या छताच्या पंख्याकडे बघून म्हणाला, "याचं बेअरिंग जाणार आहे." पंखा त्यानंतर बरीच वर्षं चालला, ते सोडा.

जाड आवाज, म्हणजे खर्जातला, घुमणारा, हा त्याचा खास विषय. चार माणसं जमली की सुरू. "बारीक आवाज कुठून आला ते कान लगेच सांगतो. डास कुठल्या कानाशी आहे ते डोळे मिटून कळतं. जाड आवाजाचं तसं नाही. तो दोन्ही कानांना सारखाच येऊन भेटतो, म्हणून त्याचा पत्ता लागत नाही. शिवाय तो कानाआधी छातीला लागतो, पोटाला लागतो. काहीतरी होतंय एवढं कळतं. काय आणि कुठे ते कळत नाही. आणि ज्याचा पत्ता लागत नाही त्याला माणूस एक तर भूत म्हणतो, नाहीतर देव." मग सिनेमातलं भूत पडद्यावर येण्याआधी प्रेक्षकाच्या पोटात कसं घुमवतात, ते पोटावर हात ठेवून दाखवायचा. ऐकायला मजा यायची. दहाव्यांदा ऐकायला कमी यायची.

त्याचा एक नियम होता: स्पीकर कधी कोपऱ्यात उभं राहून जोखायचा नाही. कोपऱ्यात जाड आवाज गोळा होतो, फुगतो. मेलेला स्पीकरही तिथे दमदार वाटतो. "कोपरा खोटं बोलतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाइकालाही तो हाताला धरून दुकानाच्या बरोबर मध्यावर आणून उभा करायचा आणि मगच बटण दाबायचा. घरीसुद्धा त्याची खुर्ची खोलीच्या मध्ये. येणारा-जाणारा तिला ठेचकाळायचा, पण खुर्ची हलायची नाही.

दुसरा गुण म्हणजे माणूस एक नंबरचा जळकुकडा. बहीण दूधवाल्याशी हसली की याचा चहा थंड. ती माझ्याशी फोनवर जास्त वेळ बोलली तर हा पलीकडून टेस्टिंगची रेकॉर्ड मोठ्याने लावायचा. मी तिला म्हणायचे, "कसं गं सहन करतेस?" खरं सांगायचं तर मला थोडा हेवाच वाटायचा. मी शेजाऱ्याशी तासभर गप्पा मारल्या तर माझ्या नवऱ्याला आनंदच होतो. तेवढाच त्याला टीव्ही शांतपणे बघायला मिळतो.

तर एके दिवशी बहिणीला घुमायला लागलं. स्वयंपाकघरात सिंकपाशी उभी राहिली की. आवाज म्हणावा तर आवाज नाही. छातीत कुणी दार लोटत असल्यासारखं. कानात बोटं घातली तरी जाईना. खिडकी लावली तर रस्त्याचा गोंगाट थांबायचा आणि हे उलट वाढल्यासारखं वाटायचं. सगळ्यात वाईट म्हणजे मागे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. भांडं हातात तसंच ठेवून ती वळायची, तर मागे कुणी नाही. तिचं जेवण उडालं, चेहरा उतरला. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, कान ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, ताण असेल.

कानसेनने तपासणी केली ती त्याच्या पद्धतीने. फ्रिज बंद केला, बहिणीला नळ घट्ट करायला लावला, आणि त्या लांबट स्वयंपाकघराच्या बरोबर मध्यावर, दिव्याखाली डोळे मिटून उभा राहिला. बराच वेळ. मग डोळे उघडून म्हणाला, "काही नाही. भास आहे." ती म्हणाली, "अहो, पण मला येतो ना." तो म्हणाला, "जाड आवाज असता आणि मला आला नसता, असं होईल का?" त्याच्या कानांवर तर ते घर चाललं होतं.

खालच्या मजल्यावर एक क्रेनवाला राहायचा. आयुष्यभर बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेला, बायको गेलेली, एकटाच. उंच, डोक्यावर भरघोस केस. कानसेनच्या डोक्याचं मैदान झालेलं, तेव्हा केसांचा मुद्दाही गौण नव्हता. एकदा जिन्यात क्रेनवाल्याने बहिणीला हळूच विचारलं, "वहिनी, तुमच्या स्वयंपाकघरात पण घुमतं का हो?"

ती जिन्यातच बसली आणि रडायला लागली.

हे तिने मला फार नंतर सांगितलं, आणि मला राग आला. सख्खी बहीण मी. आणि मोकळी झाली ती जिन्यातल्या परक्या माणसापाशी. मी तोंडावर बोललेही, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "सांगितलं होतं ताई. तू लोहाच्या गोळ्या घे म्हणालीस." आता हे काय उत्तर झालं?

त्यानंतर दोघांचं सुरू झालं. "आज सकाळी होतं का?" "होतं, पण दुपारी थांबलं." "माझ्याकडेही तेव्हाच थांबलं." जिन्यात, फाटकापाशी, कपडे वाळत घालताना. ती त्याला दादा म्हणायची. पण कानसेनच्या मते दादा हा शब्द पांघरुणासारखा आहे, खाली काहीही झाकतं. गंमत अशी, की घुमणं त्याला ऐकू येत नव्हतं, पण त्या दोघांची कुजबुज दुसऱ्या मजल्यावरून साफ ऐकू यायची. तो दुकानातून भलत्या वेळी घरी यायला लागला. क्रेनवाल्याचा रेडिओ दुरुस्तीला आला होता, तो "पार्ट मिळत नाही" म्हणून परत केला. पार्ट त्याच्या खणात पडलेला होता, हे मला त्याच्याच तोंडून कळलं.

बाईने दुसऱ्या पुरुषाबरोबर सिनेमाला जावं, तर ते समजतं, भांडता येतं. पण आपल्या बायकोला आणि शेजाऱ्याला मिळून एक आवाज येतो आणि आपल्याला येत नाही, याचं भांडण कसं करायचं? त्यातून तो आवाज जाड. म्हणजे याच्या शेतात येऊन दुसऱ्याने कणसं खुडल्यासारखं.

एका दुपारी तो असाच अचानक घरी आला. स्वयंपाकघराच्या त्या कोपऱ्यात, सिंकला लागून, क्रेनवाला भिंतीला पाठ टेकून उभा. शेजारी बहीण, तिचा तळवा भिंतीवर. दोघांचे डोळे मिटलेले.

"काय चाललंय?" कानसेन ओरडला.

"शू," बहीण म्हणाली.

स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोने, आवाजाच्या बाबतीत, त्याला शू म्हटलं. नंतर मला सांगताना हा एक शब्द त्याने दोनदा सांगितला.

क्रेनवाला साधेपणाने म्हणाला, "या ना साहेब, इथे उभे राहा. पाठ अशी टेकवा. लगेच लागतं."

"कोपऱ्यात?" कानसेन म्हणाला. "कोपऱ्यात उभं राहून आवाज जोखतात होय? कोपरा खोटं बोलतो! यांना माहीत नसेल, यांनी क्रेन चालवली. तुला तर माहीत आहे ना?" आणि तो मध्यावर, दिव्याखाली जाऊन उभा राहिला. डोळे मिटले. "काही नाही. साफ काही नाही."

"एकदा इथे या," बहीण म्हणाली. "चार पावलं तर आहेत. माझ्यासाठी या."

त्याने डोळे उघडले, आधी क्रेनवाल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ऐकू काही येत नाही," तो म्हणाला. "दिसतंय मात्र सगळं."

क्रेनवाला मान खाली घालून निघून गेला. बहिणीने हात पुसले आणि बॅग काढली. संध्याकाळी ती माझ्या दारात होती. म्हणाली, "ताई, वेडी म्हणाले तेव्हा मी राहिले. आता हे ऐकून राहणार नाही."

माझ्याकडे ती गाढ झोपली, पोटभर जेवली, आठवड्यात गालांवर रंग आला. बहीण सुधारतेय याचा मला आनंद होताच, पण एक खुपलं: ती झोपली की माझा नवरा टीव्हीचा आवाज आपणहून कमी करायचा. माझ्यासाठी इतक्या वर्षांत एकदाही केला नव्हता. मी त्याला सुनावलं तेव्हा म्हणाला, "तू कधी सांगितलंस?" पुरुषांना सगळं लिहूनच द्यावं लागतं.

तिकडे कानसेन बाहेरून मागवून जेवत होता आणि घरातले कप वापरून सिंकमध्ये टाकत होता. शेवटी स्वच्छ कप उरला नाही, तेव्हा भांडी घासायला उभा राहिला. उभा राहून जरा वेळ झाला आणि पोटात कसंतरी व्हायला लागलं. आधी वाटलं, बाहेरच्या जेवणाने पित्त झालं. मग छातीवर दाब आला. मग मानेवरचे केस उभे राहिले आणि त्याला पक्कं वाटलं, की मागे कुणीतरी आहे. तो गर्रकन वळला. मागे फक्त त्याची खुर्ची, दारातून दिसणारी, रिकामी.

दोन-तीन पावलं मागे सरकला, दिव्याखाली आला. सगळं गायब. पुन्हा सिंकपाशी गेला. पुन्हा तेच.

लहान पोराला कळावं इतकं त्याला कळलं. जाड आवाज बंद खोलीत भिंतीवर आपटून परततो. कुठे एकावर एक चढून फुगतो, कुठे एकमेकांना खाऊन टाकतो. भिंतीपाशी, कोपऱ्यात भरभरून, आणि बरोबर मध्यावर, जिथे हा पोक्तपणे डोळे मिटून उभा राहायचा, तिथे शून्य. यातलं कोपऱ्याचं अर्धं तो गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं शिकवत आला होता, मध्याचं अर्धं स्वतःच विसरला होता. साबणाचे हात तसेच घेऊन तो फरशीवर बसला.

मग तो खाली गेला. क्रेनवाल्याचं दार वाजवायला हात उचलेना, असं त्यानेच सांगितलं. पण दुसरं विचारायचं कुणाला? त्या घुमण्याचा साक्षीदार एकच होता. क्रेनवाल्याने दार उघडलं, याने म्हटलं, "मला आला." क्रेनवाला म्हणाला, "या, बसा." बस्स, एवढीच माफी झाली.

पत्ता दोघांनी मिळून काढला. मागच्या रस्त्यावर एक लाँड्री होती, तिने छपरावर कपडे वाळवण्याचा मोठा ब्लोअर नव्याने बसवला होता. कानसेन तिथे जाऊन मालकाच्या विनवण्या करून ब्लोअर चालू-बंद करत राहिला आणि क्रेनवाला सिंकपाशी उभा राहून खिडकीतून टॉवेल हलवत राहिला. आला, हलव, गेला, थांब. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, दोघे खुळे झाले. मालक भला निघाला. त्याने यंत्राखाली जाड रबर घातलं आणि घुमणं थांबलं.

लगेच दुसऱ्या दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून, फळांची पिशवी घेऊन कानसेन माझ्याकडे हजर. मी चहा ठेवला. त्याने सगळी हकीकत हातवारे करून सांगितली: पित्त, खुर्ची, टॉवेल, रबर. मुलूख जिंकून आल्यासारखा चेहरा. "आता घरी चल," तो बहिणीला म्हणाला. "आवाज बंद केलाय मी."

बहीण सगळं ऐकून घेत होती. तिने एकच विचारलं, "तुम्हाला आला कुठे?"

"तुझ्या सिंकपाशी. कप घासत होतो."

"म्हणजे लग्न झाल्यापासून तिथे उभं राहायची ही पहिलीच वेळ."

"अगं, कोपरा खोटं..." तो म्हणायला लागला आणि थांबला.

मी मध्ये काही बोलणार होते. तिने माझ्याकडे बघितलं, मी फळांची पिशवी रिकामी करायला घेतली.

"दादा घरात पहिल्यांदा आले," ती म्हणाली, "तेव्हा त्यांनी मला आवाज कसा, कधी, काही विचारलं नाही. वहिनी, तुम्ही कुठे उभ्या असता, एवढंच विचारलं, आणि तिथे जाऊन उभे राहिले. माझ्याबद्दल तुम्ही नाही ते बोललात, ते मी विसरायची नाही. पण जळलात, ते काही चुकलं नाही तुमचं. जळण्यासारखंच होतं ते."

कानसेन चहाच्या कपात बघत होता. कपात काही नव्हतं, चहा केव्हाच संपला होता.

"हो," तो म्हणाला. "होतं."

बहीण उठली आणि बॅग भरायला आत गेली. त्याला मदतीला या म्हणाली नाही, आणि तोही उठला नाही. रिकामा कप दोन्ही हातांत धरून तसाच बसून राहिला.