आधी कुणाला सांगायचं

बेळगावात मी डॉक्टर झाले तेव्हा मोठं दुखणं निघालं की एकच रीत होती. नातेवाइकाला व्हरांड्यात बोलवायचं, खरं काय ते त्याला सांगायचं आणि आत येऊन पेशंटला म्हणायचं, "काळजी करू नका, गोळ्या घ्या." ही रीत कुणी शिकवली नव्हती, सगळे तसंच करत.

इंग्लंडमध्ये नोकरीला लागल्यावर मी तेच केलं. एका म्हाताऱ्याच्या पोटात गाठ निघाली, मी त्याच्या मुलीला बाहेर नेऊन हळूच सांगितलं. आधी आपल्याला न सांगितल्याची त्याने तक्रार केली. माझ्याहून वयाने लहान वरिष्ठाने मला समोर बसवून फैलावर घेतलं आणि वर वाईट बातमी कशी सांगायची याच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे पैसे देऊन आणलेला एक नट पेशंट होऊन बसे. मी त्याला कॅन्सर झाल्याचं सांगायचं, त्याने रडायचं, आणि मग चहाबरोबर बिस्किटं खात त्यानेच माझ्या चुका काढायच्या. माझ्या इतक्या वर्षांच्या डॉक्टरकीची परीक्षा घेणार कोण, तर एक नट! तळपायाची आग मस्तकात जायची. तरी तिथे शिकवलेली वाक्यं मी घोकली, कारण नोकरी टिकवायची होती.

गेल्या वर्षी सुट्टीत बेळगावातल्या वडगावला घरी आले, तर वडिलांचा, आप्पांचा, खोकला थांबत नव्हता. जन्मभर मागावर कापड विणत बसलेला माणूस, त्यामुळे घरचे म्हणत, धुळीचा खोकला आहे. मीच हट्टाने इस्पितळात ठेवून तपासण्या करायला लावल्या. रिपोर्ट आले आणि डॉक्टरांनी मला आणि धाकट्या भावाला खुणेनेच बाहेर बोलावलं. फुफ्फुसाचा कॅन्सर होता, पसरलेला.

"त्यांना काही बोलू नका," डॉक्टर म्हणाले.

भावाने लगेच री ओढली. "आक्का, तू गप ऱ्हा. आप्पा खचतील."

मला दोघांचाही संताप आला. त्या नटाचाही आला, कारण घोकलेलं सगळं इंग्रजीत होतं. आप्पांना सांगायला माझ्याकडे मराठीत एक धड वाक्य नव्हतं.

आत गेलो, तर आप्पा उठून बसले होते. "काय म्हनले गं डॉक्टर?"

"काय न्हाय आप्पा, कफ हाय छातीत," भाऊ म्हणाला आणि त्याने माझा दंड दाबला.

मी हात झटकला. "कॅन्सर हाय, आप्पा."

आप्पांनी आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आजवर माझ्यावर कधी आवाज न चढवलेला माणूस सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा ओरडला, "मग माज्या दुखण्याचं भाईर जाऊन काय ठरवून आलासा?"