मशाल कोणी धरायची

सेलूचे भैय्याजी न्यायाचे पक्के, असं सगळे म्हणतात. मी त्यांच्या सालदाराचा मुलगा. त्यांचा न्याय मी पाहिलाय.

१९८५ साली त्यांनी दिल्लीहून फाशांचा एक परदेशी खेळ आणला, नियमांच्या पुस्तकासकट. दर रविवारी प्रत्येकानं वीर, जादूगार असं एकेक सोंग घेऊन राक्षसाच्या गुहेत शिरायचं. मी जादूगार मागितला.

"दौलत, तू सामान उचलजो अन् मशाल धरजो."

"पुस्तकात तर कोणीही काहीही होऊ शकते, भैय्याजी."

"पुस्तक तिकडचं हाये. गाव आपलं हाये."

गुहेच्या मध्यावर माझी पाळी आली. मी म्हणालो, "मी मशाल विझवली." पुस्तकाप्रमाणे अंधारात सगळे वीर मेले.

पुढच्या रविवारी भैय्याजींनी नवा नियम सांगितला: मशाल धरणाऱ्याला पाळी नसते.